इअरफोन न लावणारा

बसमध्ये मोबाइलवर ढणाढणा गाणी लावणाऱ्याला तुम्ही काय म्हणता? मी तर मनातल्या मनात शिव्याच घालायचे. पेणहून रोह्याला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत तो रोज माझ्या पुढच्या बाकावर असे. अंगात कंपनीचा निळा शर्ट, गुडघ्यावर ताल धरणारी बोटं आणि शेजारी त्याचा मित्र. दोघं एकमेकांना रॉकचे अल्बम सुचवायचे. त्यांची कसोटी एकच होती: एसटीच्या इंजिनावर मात करील तोच अल्बम पास.

"नाय चालणार रे हा, लय मऊ हाय," तो ओरडायचा. "कालचा लाव. त्यातला ड्रमवाला पिसाळलाय नुसता!"

एकदा नागोठणं येईपर्यंत माझं डोकं उठलं. "अहो, इअरफोन लावा की!" मी खेकसले.

तो हसला. "ताई, इअरफोनमधून डाव्या कानाला कायच ऐकू येत नाय, उजव्याला पण कमीच. कंपनीत कॉम्प्रेसरच्या धडधडीपाशी ड्युटी हाय ना. घरी पोरगी हाक मारते, ती पण येत नाय. ह्ये तेवढं येतं."

"कंपनी कानाला काही देत नाही?"

"मागितलं ना. सायब बोलला, कापूस घाल."

मित्र मोबाइलवर आणखी कर्कश काहीतरी शोधू लागला.

डोकं अजून ठणकत होतं, पण चीड आता त्या कापसाची होती. तुमच्या कंपनीत कुणी उघड्या कानांनी यंत्रापाशी उभा असेल, तर उद्या त्याच्यासोबत साहेबाच्या टेबलापुढे जा. त्याच्या हातात इअरप्लग पडेपर्यंत तिथून हलू नका.