अमेरिकेचा माणूस पाहायला आला तेव्हा

माझ्या नातीला पाहायला पहिला माणूस आला, तो लग्नासाठी नव्हता. पण आमच्या घराला दुसरी रीत ठाऊक नव्हती. आम्ही पोहे केले, पडदे धुतले आणि तिला साडी नेसवली.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. नात बारावीला होती आणि तिने अमेरिकेतल्या एका मोठ्या विद्यापीठाला अर्ज केला होता. निवड झाली तर खर्च तेच करतात, हे तिने माझ्या मुलाला, म्हणजे तिच्या बापाला, कागद दाखवून पटवलं. मुलाचं वर्ध्यात किराण्याचं दुकान. त्याने एक अट घातली.

"एक डाव भर फार्म. नाई झालं तर रडाचं नाई. मंग मी स्थळं पाहीन."

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

मी तूर निवडत होते. विचारलं, "किती पोट्टे घेतात तिथं?"

तिने सुपातून चार दाणे उचलले. "एवढे. बाहेरच्या देशातले याच्याहून कमी. अन् खर्च मागणारे त्याच्याहून कमी." तीन दाणे तिने परत सुपात टाकले. उरलेला एक दाणा तळहातावर धरून बसली.

पोरगी विचित्र होती हे सांगायला हवं. वर्ध्याच्या कडेला, पिपरी मेघ्याला, आम्ही प्लॉट घेऊन घर बांधलं तेव्हा अंगणात विहीर खोदली होती. आजूबाजूला घरं वाढली, बोअर झाल्या, पाणी खाली जाऊ लागलं. नववीपासून ही दर रविवारी दोराला दुकानातलं पाव किलोचं जुनं लोखंडी वजन बांधून विहिरीत सोडायची, पाणी किती खोल गेलं ते मोजायची आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायची. बाप म्हणायचा, "इहीर मोजून अमेरिका भेटते का?"

मग कळलं की त्याच विद्यापीठात शिकलेला एक माणूस नागपूरला नोकरी करतो. तो येऊन तिच्याशी बोलणार आणि काय वाटलं ते तिकडे लिहून पाठवणार. घरात धावपळ उडाली. सुनेने हिंगणघाटहून भावाला बोलावलं. हा मामा बोलण्यात पुढे. पाहुण्यांसमोर त्याची मराठी संपते आणि हिंदी सुरू होते.

मीही शहाणपणा केला. स्वयंपाकघरात नातीला म्हणाले, "मान खाली ठेवजो. मोठे बोलतीन. तू मधात बोलू नको."

तो रविवारी सकाळच्या गाडीने आला. तिशीचा असेल, पाठीला पिशवी. नात ट्रे घेऊन आली आणि मामाच्या खुणेसरशी त्याच्या पाया पडली. तो बिचारा खुर्चीतून उठलाच. चहा सांडला.

त्याने तिला इंग्रजीत काहीतरी विचारलं. उत्तर मामाने दिलं. "सर, लडकी ऑलराउंडर है."

त्याने पुन्हा विचारलं. मुलगा म्हणाला, "पेटी वाजवते. गरिबाच्या पोराइले शिकवते."

पेटी आमच्या घरात नव्हती. नातीने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

अर्धा तास असा गेला. पोहे दोनदा वाढले. मग त्याने घड्याळ पाहिलं आणि सरळ मराठीत बोलला. "माझी एकची गाडी आहे. मला हिच्याबद्दल लिहायचं आहे, आणि अजून हिचा आवाज मी ऐकलेला नाही. हिच्याशी एकटीशी बोलू का?"

मुलाचं तोंड लाल झालं. "आमच्या इकडं तसं नसते, सर."

"मग मी काय लिहू?" त्याने शांतपणे विचारलं.

मला माझं स्वतःचं पाहणं आठवलं. माझ्या वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, मुलगी सातवी शिकली. मी म्हणाले होते, चौथी. पाहुणे गेल्यावर मार खाल्ला, पण लग्न झालंच. तेव्हा जे मला कळत होतं ते म्हातारपणी विसरून मी पोरीला मान खाली घालायला सांगितलं होतं. स्वतःचा राग आला.

मी उठले. "अंगणात बसा दोघं. मी वसरीत सूप घेऊन बसतो. दिसन सगळं, आयकू येनार नाई."

"माय, लोक काय म्हनतीन?" मुलगा म्हणाला.

"लोकाइले खर्च मागतला का तू? अमेरिकेलेच मागतला नं?"

दोघं बाहेर गेले. मुलगा, सून आणि मामा खिडकीला. सुरुवातीला ती मान हलवत होती फक्त. माझे हात सुपात थांबले. एवढं करून ही बोललीच नाही तर? मग ती उठली आणि त्याला विहिरीकडे घेऊन गेली.

"इहिरीपाशी काऊन नेलं त्याले?" मुलगा खिडकीतून कुजबुजला.

तिने पदर खोचला आणि दोर सोडला. बोलत होती, हात हलवत होती, घरं दाखवत होती. दोर त्याने स्वतः वर ओढला, बाही कोपरापर्यंत भिजली. ती कॅलेंडरं घेऊन आली, तो तिथेच खाली बसून पाहू लागला. एकची गाडी त्याची चुकली.

निघताना मामाने विचारलं, "मंग, पसंत का?"

तो हसला नाही. "पसंत करणारा मी नाही. माझा एक कागद जाईल, चांगला जाईल. पण तिकडे जगभरातून फार चांगली मुलं येतात आणि जागा थोड्या. आशा ठेवा, भरवसा ठेवू नका."

एप्रिल लागायच्या सुमारास बाप-लेक स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन आले. नातीने चपला काढून नीट भिंतीला लावल्या. "नाई झालं," म्हणाली. रडायचं नाही असं ठरलं होतं, रडली नाही.

मे महिन्यात मामाने स्थळ आणलं. दुकानदाराचा मुलगा. तीच खुर्ची, तेच पोहे. पोराच्या काकाने विचारलं, मामाने उत्तर दिलं. मी मध्येच म्हणाले, "पोराले अन् पोरीले अंगणात बोलू द्या. तासभर."

काका हसले. "तासभर काय बोलतीन?"

"परका मानूस गाडी चुकवून बोलला. तुमचा तं घरचा होनार आहे."

मी पुन्हा सूप घेऊन बसले. माझा मुलगा पुन्हा खिडकीला. दहा मिनिटांत पोरगा आत येऊन पाणी प्याला आणि म्हणाला, "झालं माझं."

पाहुणे आणि मामा गेल्यावर मी नातीला विचारलं, "काय म्हने?"

"दुकानात बसशीन का म्हने. मी इहीर दाखवली. त्यानं इचारलं, झाकन काऊन नाई?"

मुलगा ऐकत होता. दारातून विहिरीकडे पाहून म्हणाला, "नागपूरच्या कॉलेजचे फार्म कधी निंघतात?"

"निकाल लागला की," नात म्हणाली.

"मंग उद्या चौकशी करून येजो."

मामाला फोन करून नकार कळवायचं काम मात्र त्याने माझ्यावर ढकललं. मी लगेच केला.