डोंगरावर गेलेल्या भाकरी

तव्यावर कडक होणाऱ्या भाकरीचा वास आला की मला राग येतो. दोष वासाचा नाही.

सोलापूरच्या सपाटीवर डोंगर दिसत नाही. म्हणून बार्शीपलीकडच्या एका शिखरावर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याचा बेत थोरल्या काकांनी आखला, तेव्हा सर्वांत अधिक हरखली ती माझी बहीण, अक्का. तिने आदल्या दिवशीच भाकरी थापून मंद आचेवर पापडासारख्या कडक केल्या. चपलेचा तुटलेला अंगठा शिवून आणला. निघताना ती वेणी घालून आमच्याआधी दारात उभी होती.

"तू कुटं निगालीस?" काका म्हणाले. "तुज्या भाकरी येत्यात की वर!"

सगळे हसले. अक्काने गाठोडे सोडले आणि वरची एक भाकरी काढून घेतली.

"मग माजी हितंच ऱ्हाऊ द्या."

ती भाकरी तिने उभ्यानेच खाल्ली. जीप सुरू होईपर्यंत तिचा कडकड आवाज मला ऐकू येत होता. शिखरावरून काय दिसले, ते आज आठवत नाही. अक्का कुठलाही डोंगर न चढताच गेली.

आज सकाळी तोच वास आला. माझा मुलगा मित्रांबरोबर डोंगरावर निघाला होता, आणि सूनबाई तव्यापाशी होती. ती येणार नाही का, असे मी त्याला विचारले.

"हिला कशाला उन्हात, बाबा? हिच्या भाकरी आहेत की सोबत," तो हसत म्हणाला.

मी उठून गॅस बंद केला.

"कडक भाकरी दुकानात मिळते. सूनबाईला ने."