आईच्या पट्टीचा बाजा

माउथ ऑर्गन कुठला घ्यावा हे विचारायला कुणी आलं, तर आमचे बाजामामा त्याला काही वाजवून दाखवायला सांगत नसत. "बस. आज काय जेवलास ते सांग," म्हणत. समोरचा गोंधळून भात, वाल, सुकट असं काहीबाही सांगू लागे आणि मामा डोळे मिटून ऐकत. जेवणाशी त्यांना काही देणंघेणं नसे. माणसाचा आवाज कुठल्या पट्टीत बसतो, तेवढंच त्यांना हवं असे.

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ, चंदनसारचे. वीजखात्यात लाइनमन होते. माउथ ऑर्गनला ते बाजाच म्हणत, म्हणून सगळ्या गोतावळ्यात त्यांचं हे नाव पडलं. शर्टाला शिंप्याकडून जास्तीचे खिसे लावून घेत आणि प्रत्येक खिशात वेगळ्या पट्टीचा बाजा ठेवत. मामी वैतागून म्हणायची, या माणसाला इस्त्री करण्यापेक्षा गोधडी शिवलेली परवडली.

"काय वाजवनार ते आधी ठरव, मंग बाजा घे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुनी सिनेमाची गाणी वाजवायची तर बाजूला बटण असलेला घ्यायचा, त्यात कोमल सूरही मिळतात. सूर ओढून वाकवायची हौस असेल तर दहा भोकांचा. हळदीला, लग्नाला मात्र दुहेरी पत्त्यांचा, म्हणजे एकेका सुराला आत दोन पितळी पात्या असलेला, ज्याचा सूर जरा थरथरतो. तुळिंजचा एक पोरगा दुकानातला सगळ्यात महागडा उचलून आला. "अंकल, ये बेस्ट है ना?" मामा म्हणाले, "बेस्ट हाय रे. पन तुझ्यासाठी हाय का?" त्याला तो परत करायला लावला, तेव्हाच त्यांना चैन पडलं.

मीही त्यांच्याकडेच शिकले. आई आमच्यातली धवलारीण, म्हणजे लग्नात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले धवले गाणारी. एका चुलतबहिणीच्या हळदीला मी 'सी' पट्टीचा माउथ ऑर्गन घेऊन मोठ्या ऐटीत आईशेजारी बसले. आईने सुरुवात केली ती स्वतःच्या पट्टीत. माझं काही जुळेना. मी भर मांडवात म्हटलं, "आई, जरा वर धर ना." मामा मागे होते. "अगो बाय, गळ्याला कोन सांगतं वर ये म्हनून? बाजा बदल." आणि त्यांनी खिशातून 'ए'चा काढून माझ्या हातात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं लग्न ठरलं त्याच वर्षी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. ती बरी झाली, पण आवाज जाडसर झाला, खूप खाली उतरला. गावातल्या सगळ्या मुलींच्या हळदीला गायलेली आई माझ्या वेळी म्हणाली, "दुसरी कोनी बोलवा. माझ्याच्यानं नाय होनार." मी समजूत काढली, रडले, रुसले. ती ऐकेना. तिच्या धवल्यांवाचून हळद लागणार, या विचाराने मला लग्नच नकोसं झालं.

मग मामा रोज दुपारी येऊ लागले. आईकडे पाणी मागत, आंब्याच्या मोहराचं विचारत, मुद्दाम वाद उकरून काढत. आई बोले आणि ते ऐकत बसत. त्यांच्याकडे सगळ्यात खालच्या पट्टीचा बाजा 'जी'चा. तोही आईला किंचित वर पडत होता आणि हवा तसा दुकानात मिळेना. एक दिवस मी त्यांच्या घरी गेले तर मामा तो लाडका बाजा खोलून बसले होते, आणि त्याची एकेक पितळी पत्ती बुडाशी खरवडत होते. तिथे खरवडलं की सूर उतरतो.

"मामा, हा पुन्हा पहिल्यासारखा होईल?"

"नाय होनार. पन तुझी हळद तरी पुन्हा कुटं होनार हाय?"

हळदीच्या दिवशी आई स्वयंपाकघरातून बाहेर येईना. मामांनी मांडवात बसून पहिल्या धवल्याची सुरुवात वाजवली आणि थांबले. पुन्हा वाजवली, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा आतून आईचा आवाज आला. खालचा, जाड, पण नेमका सुरात. हळदीची वाटी घेऊन ती गातच बाहेर आली. बायकांनी मागून साथ धरली. एक म्हातारी कुरकुरली, "आज पट्टी एवढी खाली कशी गो?"

आई थबकली. मामा लगेच म्हणाले, "माझा बाजा उतरलाय. जुना झाला, माझ्यासारखा. सांभाळून घ्या जरा."

बायका हसल्या, मामांची यथेच्छ चेष्टा झाली, आणि आई पुढे गाऊ लागली. शेवटच्या धवल्यापर्यंत गात राहिली. मला उठून मामांच्या पाया पडावंसं वाटत होतं, पण अंगभर हळद होती. नुसती बघत बसले. त्या दिवसाचं त्यांचं ऋण माझ्याकडून कधीच फिटणार नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. पत्त्या खरवडल्याचं मी आईला कधी सांगितलं नव्हतं. त्यांचे दिवस करून परतताना तीच म्हणाली, "दादाचा बाजा जुना झाला नव्हता."

मी चमकले. "तुला कधी कळलं?"

"मांडवातच. पंचवीस वरसं मी दादाच्या बाजांवर गायले. त्याचा बाजा असा आपोआप उतरत नाय."

"मग तेव्हा काही बोलली का नाहीस?"

आईने पदराने डोळे पुसले. "माझ्यासाठी त्यानं सगळ्यांसमोर कमीपना घेतला. तेव्हा त्याला गानं सोडून मी दुसरं काय देनार होते?"