रुमाल टाकलेली खुर्ची

परवा वसईच्या बाजारात केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी, उन्हात सुकवलेली पिकली केळी, हातात घेतली, आणि त्या मधाळ वासासरशी दिल्लीतली ती संध्याकाळ समोर उभी राहिली.

नव्वदच्या दशकात शिक्षकांच्या परिषदेला आमच्या शाळेतून मी आणि वटार गावची फिलोमिना गेलो होतो. निबंध दोघींनी लिहिलेला, वाचणार ती होती. सकाळी ती लवकर सभागृहाकडे निघून गेली आणि मागाहून निरोप आला, आमचं सत्र दुसऱ्या सभागृहात हलवलंय. पहिलं सभागृह माझ्या वाटेवरच होतं. मी आत डोकावले नाही. निबंध मी वाचला, टाळ्याही मीच घेतल्या.

संध्याकाळी ती खोलीवर आली. "अगं, होतीस कुठे? रुमाल टाकून तुझी जागा धरली होती मी. दुपारपर्यंत कुणीच आलं नाही." मग पिशवीतली सुकेळी पुढे केली. "घे, उपाशी असशील."

निबंधाचं तिने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढे ती जाईपर्यंत कधीच नाही.

अजूनही कुठल्या सभागृहात शेजारची खुर्ची रिकामी दिसली की मला बसवत नाही. मी मागे जाऊन उभी राहते.