तिसऱ्या महिन्याची चौथ

पिल-सुनचं सगळं आयुष्य तिथीवर चाललं. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या खाडीत ज्याचं पोट समुद्रावर आहे, त्याचं असंच चालतं. उधाण कधी, भांगाची मंद भरती कधी, कालवांचे दोर कुठल्या दिवशी ओढायचे हे चंद्र ठरवतो. तारीख आपली वीजबिलापुरती. नवऱ्याचं श्राद्ध दुसऱ्या महिन्याच्या एकादशीला, स्वतःचा वाढदिवस नवव्या महिन्याच्या षष्ठीला. तारखेनं वाढदिवस विचारला, तर तिला ओळखपत्र काढून बघावं लागे, आणि त्यावरची तारीखही बापानं कचेरीत अंदाजानं ठोकून दिलेली होती.

तिची शेड खाडीच्या काठाला. पत्र्याचं छप्पर, मधोमध लांबलचक टेबल, टेबलाशी रबरी एप्रन बांधून बसलेल्या सहा बायका आणि त्यांच्या हातात कालवं फोडायच्या सुऱ्या. सगळ्यांत तरुण बाई त्रेसष्टची. सगळ्यांत म्हातारी ओक-बुन आजी, एक्याऐंशीची, आणि हात तिचाच सगळ्यांत चलाख. मागे शिंपल्यांचा डोंगर. समुद्रात तराफ्यांना लटकणारे दोर, आणि एकेका दोराला माणसाच्या वजनाची कालवं. ते दोर वर ओढणार कोण, हा त्या किनाऱ्यावरचा खरा प्रश्न. गावची पोरं शहरात गेली होती, आणि गेलेली पोरं परत येत ती फक्त सणाला, गाडी धुऊन.

छोट्या धंद्यांना आधार देण्याची सरकारला भारी हौस. एका वर्षी टाय लावलेला एक मुलगा रंगीत पत्रकं घेऊन शेडमध्ये आला. आपल्या देशातला तरुण कामावर ठेवा, अर्धा पगार सरकार देईल, असं त्यानं सांगितलं.

"आण की एखादा," पिल-सुन म्हणाली. "अर्धा कशाला, सगळा पगार मी देते. वर तीन वेळचं जेवण."

"आणि लग्नाचा असला तर बघूनच आण रे," ओक-बुन आजीनं सुरी न थांबवता पुस्ती जोडली. "मी रिकामीच आहे."

एक आला खरा. पहाटे तराफ्यावर गेला, दुपारी जेवला, बूट धुऊन नीट ओळीत ठेवले आणि बसमध्ये बसला. त्याचे बूट तिनं पुढे अगापितुला दिले.

अगापितु पूर्व तिमोर देशातला. कामाच्या परवान्यावर आलेला. पहिल्या हिवाळ्यात थंडीनं त्याचे ओठ फाटले, जाडजूड हातमोज्यांत त्याला गाठ मारता येईना, आणि ओक-बुन आजीनं त्याला नाही नाही ते ऐकवलं. तिसऱ्या हिवाळ्यात तो आजीला उलटून ऐकवायला लागला, तेही तिच्याच गावठी बोलीत. बायका त्याला पितू म्हणत, तो पिल-सुनला मावशी म्हणे. परदेशी कामगाराला डब्यासारख्या पत्र्याच्या खोलीत ठेवायचं नाही असा नियम निघाला, तेव्हा तिनं शहरात गेलेल्या आपल्या मुलाची खोली त्याला उघडून दिली. मुलगा फोनवर चिडला. ती म्हणाली, "तुला यायचंय का दोर ओढायला? मग गप."

नवऱ्याच्या श्राद्धाला मासे भाजायला पितू, ताटं मांडायला पितू. तिकडे त्याची बायको आणि तीन मुलं. धाकटीला त्यानं फक्त फोनवर पाहिलेलं. तो म्हणायचा, एवढी एक मुदत आणि पुढची एक, मग घराला छप्पर आणि मोठ्याचं कॉलेज. मग कायमचा घरी.

नियम असा होता: मुदत चार वर्षं दहा महिने. ती संपायच्या सात दिवस आधीपर्यंत मालकानं अर्ज केला, की कामगार महिनाभर घरी जाऊन परत त्याच मालकाकडे, पुन्हा तेवढीच वर्षं. अर्ज मालकानंच करायचा. कामगाराच्या हातात काही नाही. मालकानं अर्ज केला नाही, तर त्यानं मायदेशी जाऊन पुन्हा परीक्षेला बसायचं, आणि त्या परीक्षेला वयाची अट, चाळिशीच्या आत. पितू जूनमध्ये चाळीस पूर्ण करणार होता. म्हणजे हा अर्ज हाच त्याचा एकुलता एक दरवाजा. हे पिल-सुनला ठाऊक होतं, पितूला ठाऊक होतं, शेडमधल्या सहाही बायकांना ठाऊक होतं. पौषापासून आजी रोज विचारायची, "पोराचं कागदाचं काम केलंस का गं?" आणि पिल-सुन म्हणायची, "दिवस लिहून ठेवलाय."

लिहून ठेवला होताच. थंडीत मच्छीमार संघातल्या एकानं फोन करून सांगितलं होतं, तिसऱ्या महिन्याच्या चार तारखेच्या आत. तिचे हात कालवांच्या पाण्यानं ओले. तिनं खांद्यानं फोन कानाशी धरला आणि भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं गोल केला. ज्या आकड्यांवर ती चाळीस वर्षं गोल करत आली, त्याच आकड्यांवर. चंद्राच्या. तिसऱ्या महिन्याची चौथ. त्याच रकान्याच्या डोक्यावर एप्रिल छापलेलं होतं, पण डोक्याकडे बघायची त्या खाडीत कुणाला सवय नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या बाईच्या हातून ही चूक झालीच नसती.

मार्चच्या नवव्या तारखेला भांग होता. पाणी मंद, काम बंद. तेव्हा तिनं ठरवलं, आपण आधीच जाऊन यावं, शेवटच्या दिवसाची वाट कशाला बघा. या शहाणपणाचं तिला बसमध्ये कौतुकही वाटलं होतं. मांडीवर ताज्या कालवांचा डबा होता.

रोजगार कचेरीतली मुलगी तिच्या नातीच्या वयाची. तिनं डबा हळूच परत सरकवला. "आजी, आम्हाला घेता येत नाही." मग पितूचा नंबर टाकला आणि पडद्याकडे बघत बसली.

"आजी, अर्जाची मुदत चार तारखेला संपली."

"छे गं, चौथ लांब आहे अजून. पुढच्या महिन्यात."

"चार मार्च, आजी. आज नऊ."

"अगं, मी कॅलेंडरवर..." आणि तिथंच पिल-सुनला कळलं. पायाखालचा तराफा सुटावा तसं झालं.

मुलीलाही उशिरानं कळलं, आणि तिचा चेहरा पडला. वाईट नव्हती ती. आत जाऊन साहेबांना विचारून आली, कुठंतरी फोन केला, परत आत गेली. पिल-सुन उभीच होती.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मला करा काय शिक्षा करायची ती. दंड करा. शेडला टाळं लावा. त्याचा काय दोष? तो पाच वर्षांत एकदा आजारी नाही पडला."

"शिक्षेचा प्रश्न नाही, आजी. वेळेत अर्ज आला नाही, एवढंच आहे. परवा त्याची कामाची मुदत संपते. त्याला जावं लागेल. परीक्षा देऊन तो परत येऊ शकतो."

"जूनमध्ये चाळीस होतोय तो."

मुलीनं पडद्यावर परीक्षांच्या तारखा पाहिल्या. "मग नाही येऊ शकत, जूनच्या आधी परीक्षाच नाही," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "आमच्याकडं चंद्राची तारीख चालत नाही हो, आजी."

सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं आपण म्हणतो. पण जिथं पाच दिवस थांबायला हवं होतं, तिथं सरकार अगदी घड्याळासारखं वागलं. नियम कुणी वाकडा केला नाही, कुणी लाच मागितली नाही, कुणी चढ्या आवाजात बोललं नाही. तक्रार करायलाही जागा ठेवली नाही मेल्यांनी.

पितू शेडच्या मागे बसून तराफ्याच्या फुटक्या पिंपांना दोर बांधत होता. पिल-सुनला वाटेत शंभर वाक्यं सुचली होती. समोर गेल्यावर एकही आठवेना. तिनं सरळ सांगून टाकलं, चंद्राचा दिवस धरला म्हणून.

पितूनं हातातली गाठ पुरी केली. "किती दिवस राहिले?"

"दोन."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचं पीप ओढलं. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. रडला असता तर तीही रडली असती. तो गाठी मारत राहिला, आणि त्या गाठी बघत ती उभी राहिली.

संध्याकाळी शेजारच्या शेडचा मालक ह्वांग आला. अशा बातम्यांना खाडीत भरतीची गरज लागत नाही. त्यानं पितूसमोरच सांगितलं, "वहिनी, एवढं काय त्यात? राहू दे की त्याला. कागद नसलेले दहा तरी आहेत या किनाऱ्यावर. गाडी आली की डोंगरात पळायचं, गेली की खाली यायचं."

"आणि पकडला तर?"

"पकडला तर पकडला. तुम्हाला दंड, आणि दोन-तीन वर्षं नवा माणूस नाही. पण पकडतात कुठं?"

"गेल्या वर्षी तुमचाच पळताना कड्यावरून पडला ना, भावोजी?"

ह्वांगनं सिगारेट पायाखाली विझवली. "पडला. पण पाय वाचला."

"आणि तीन आठवडे दवाखान्यात नेला नव्हता त्याला."

"नेला असता तर कागद मागितले असते," ह्वांग म्हणाला. आणि उठून गेला.

मग दोघंच उरली. पितूनं जेवणाचे वाडगे विसळले, पालथे घातले. तिच्याकडे पाठ करूनच विचारलं, "मावशी, थांबू का मी?"

हा प्रश्न पिल-सुननं पुढे रोज ऐकला. उत्तर सोपं होतं. थांब म्हणायचं, किंवा जा म्हणायचं. थांब म्हटलं, तर तो कड्यावरून पडेल याची तिला भीती होती, हे खरं. पण तेवढंच खरं नव्हतं. दंड आणि टाळं, नवा माणूस नाही, आणि सहा म्हाताऱ्यांनी सुऱ्या घेऊन कुठं जायचं, हेही तिच्या डोक्यात होतं. कचेरीत शेडला टाळं लावा म्हणणारी बाई घरात टाळ्याचा हिशेब करत होती. ती काहीच बोलली नाही. नळ चालू होता. पितूनं थोडी वाट पाहिली, मग नळ बंद केला.

"बॅग भरतो," तो म्हणाला.

तो गेला त्या दिवशी ओक-बुन आजी त्याचा हात सोडेना. "महिन्यात येशील ना रे परत? लवकर ये, नाहीतर मी मरून जाईन." तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पितू म्हणाला, "तू कसली मरतेस. तुला न्यायला यमालाही परवाना काढावा लागेल." बायका हसल्या. पिल-सुन आत जाऊन पाण्याचे पाइप आवरत बसली.

नव्या माणसासाठी तिनं त्याच आठवड्यात अर्ज केला, आणि या वेळी तारीख तीनदा वाचून घेतली. यादी लांब होती. मोठ्या शेडना गुण जास्त, तिची छोटी. नंबर लागायला पानगळ उजाडणार होती. एप्रिलपर्यंत तिनं आणि त्रेसष्टच्या बाईनं मिळून जमतील तेवढे दोर ओढले. तिसऱ्या महिन्याची चौथ आली आणि गेली, त्या दिवशी तिनं अकरा दोर ओढले आणि रात्री हात उचलून केस विंचरता येईनात. उन्हाळ्यात पाणी तापलं. वर न काढलेली कालवं दोराला चिकटलेलीच मेली, आणि वास थेट गावातल्या दुकानापर्यंत गेला. बायका एकेक करून दुसऱ्या शेडमध्ये गेल्या. ओक-बुन आजीला कुणी घेतलं नाही. ती काही दिवस सुरी घेऊन रिकाम्या टेबलाशी येऊन बसे.

पितू महिन्यातून एकदा फोन करी. मोठा मुलगा कॉलेज सोडून दगडाच्या खाणीवर जायला लागला होता. "दोर कोण ओढतं, मावशी?" तो विचारायचा.

"आलाय एक," ती सांगायची. "तुझ्यासारखा नाही. पण शिकेल."

ऑगस्टमध्ये तिनं छोट्या धंद्यांच्या मदतकेंद्राला फोन केला. धंदा बंद करायलाही सरकार आधार देतं, छप्पर उतरवायचा, पत्रा उचलायचा खर्च. ही मदत मात्र नऊ दिवसांत मंजूर झाली. तपासणीला तोच टाय लावलेला मुलगा आला. त्यानं शेडचे चारी बाजूंनी फोटो काढले, आणि टेबलावर फॉर्म ठेवून खाली वाकला.

"बंद करण्याचं कारण सांगा, मावशी. विक्री कमी, कामगार मिळत नाहीत, मालकाचं वय, आजारपण... यातलं एक."

"माझी चूक झाली, असं लिही."

"तसा रकाना नाही."

"मग खाली लिही कुठंतरी. एका माणसानं मला विचारलं थांबू का, आणि मी बोलले नाही, असं लिही."

मुलानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याला पुढच्या गावात अजून दोन शेड बघायच्या होत्या. त्यानं "मालकाचं वय" या रकान्यात खूण केली आणि पेन तिच्या हातात दिलं.