प्यायची की उडवायची

गोटी सोड्याची बाटली आता क्वचितच दिसते. पण दुकानदाराने अंगठ्याने गोटी आत ढकलली आणि फस्स आवाज झाला, की ती सगळी दुपार पुन्हा माझ्यासमोर उभी राहते.

तेव्हा मी कळमनुरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं लोटली होती. ठाण्याच्या गावात बायकांनी देशी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान मागितलं होतं. या मतदानात मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. या बायकांच्या पुढारी होत्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मास्तरांच्या पत्नी, गावाच्या ताई. घर पंचशील पाळणारं, मास्तरांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. मतदानाला महिनाभर होता आणि ताई दारोदार फिरत होत्या.

अशात माझा खबऱ्या भर उन्हात ठाण्यात आला. सायकली दुरुस्त करणारा माणूस, दुकान मास्तरांच्या घराला लागूनच.

"साहेब, मास्तर माडीवर बाटल्यात दारू भरून राहिले. दोन फुटल्या बी. लई मोठा आवाज झाला."

"दारू म्हणजे प्यायची की उडवायची?"

तो विचारात पडला. "ते काई समजलं न्हाई. ताई म्हणून राहिल्या होत्या, 'ही दारू घरातून काढा, कोणाच्या तरी जिवावर उठंल.' एवढंच ऐकलं."

आपल्या भाषेची ही एक गंमत आहे. गुत्त्यात मिळते ती दारू आणि फटाक्यात भरतात तीही दारूच. कायदे मात्र दोन. एकात माणूस जामिनावर संध्याकाळी घरी जातो, दुसऱ्यात वर्षानुवर्षं आत सडतो. मास्तर पीत नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक, त्यामुळे माझं मन दुसऱ्या अर्थाकडेच झुकलं. स्टेशन डायरीला नोंद घेतली, वरिष्ठांना फोन केला, दोन पंच बोलावले आणि निघालो.

माडीवरचं दृश्य पाहून हवालदार दोन पावलं मागे सरला. वाळूने भरलेल्या घमेल्यात बाटल्या उलट्या रोवलेल्या, वरून ओलं पोतं. भिंतीवर लाल शिंतोडे, जमिनीवर काचा. पंच जिन्यातच थांबले. नांदेडहून बॉम्बशोधक पथक यायला वेळ होता, म्हणून माडी रिकामी करून मी मास्तरांना खाली ओसरीवर बसवलं. तोवर बाहेर गर्दी जमली होती. मास्तरच्या घरी बॉम्ब सापडला, ही बातमी आमच्याआधी बाजारात पोचली होती.

"बाटल्यांत काय आहे?"

"वाईन हाय, साहेब. काळ्या द्राक्षांची."

"पिता?"

"न्हाई."

"विकता?"

"न्हाई, साहेब."

"मग कशासाठी?"

मास्तर खाली बघत म्हणाले, "तिच्यात सोड्यासारखा फेस येतो का, ते पाहायचं होतं."

मी हसलो, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. गुन्ह्यामागे लोभ असतो, राग असतो, भीती असते. 'पाहायचं होतं' असं सांगणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा पक्का, असा माझा अनुभव. आवाज चढवून मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं. मास्तर घामाने भिजले, पण उत्तर बदललं नाही. उलट ते समजावून सांगू लागले. वाईन तयार झाली की शांत होते. तिच्यात थोडी साखर आणि बेकरीतलं यीस्ट घालून तोंड बंद केलं की पुन्हा गॅस तयार होतो आणि जायला वाट नसल्याने तिच्यातच मुरतो. पहिल्या दोन बाटल्या सरबताच्या होत्या, पातळ काचेच्या. त्या गॅसने आणि उन्हाने फुटल्या.

"आणि आता?"

"आता गोटी सोड्याच्या जाड बाटल्या घेतल्या."

मी एकटाच वर गेलो. मला कुतूहल गप्प बसू देईना, हे खरं. वाळूतून एक बाटली उपसून सरळ केली. गोटी खाली पडली नाही. गळ्यातल्या रबराला घट्ट चिकटून राहिली. लहानपणापासून गोटी सोडा प्यालो होतो, पण ती गोटी आतला गॅसच दाबून धरतो, हे त्या क्षणी लक्षात आलं. बाटल्या उलट्या का ठेवल्या, तेही कळलं. गॅस धरेपर्यंत गोटीने तोंडावर बसावं म्हणून. मास्तरांना वर बोलावलं. त्यांनी अंगठा दाबला. फस्स करून गुलाबी फेस वर आला. मास्तर तो असा बघत राहिले की मी शेजारी उभा आहे हेही विसरले. मला त्यांचा हेवा वाटला.

पण बाहेर लोक दारावर थापा मारत होते. मी ओट्यावर जाऊन सांगितलं, बॉम्ब नाही. गर्दीतून आवाज आला, "तुमी दाबून राहिले साहेब. मग हाय काय आत?"

मी काही बोलण्याआधी ताई एक बाटली घेऊन बाहेर आल्या. समोर त्यांच्याच बरोबर फिरणाऱ्या बायका होत्या. ताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि अंगठा दाबला. फेस त्यांच्या हातावरून लुगड्यावर उतरला.

"व्हय, दारू हाय. प्यायची हाय. आमच्याच घरातली हाय. झालं समाधान?"

मग कोणीतरी म्हणालं, "बायको गावाची बाटली आडवी करून राहिली, आन् नवऱ्यानं घरात उलटी करून ठेवली." हशा उसळला आणि गर्दी पांगली. पथकाला मी वाटेतूनच परत पाठवलं. मास्तरांवर दारूबंदी कायद्याखाली गुन्हा दाखल करावाच लागला. कोर्टाने चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, कॉलेजनेही समज देऊन ठेवून घेतलं.

महिनाभराने मतदान झालं. मी बंदोबस्ताला होतो. रांगेतले लोक ताईंना पाहून अंगठा दाबल्याची नक्कल करत होते. बाटली उभीच राहिली, दुकान चालूच राहिलं.

त्यानंतर चौकशीत कोणी 'बघायचं होतं' म्हणालं, तर मी ते लगेच खोटं धरलं नाही. बघायचं असतं काही माणसांना, बस. दुसरं शिकलो ते असं, की खरं सांगणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते आणि ती नेहमी दोषी माणूसच मोजतो असं नाही. मतदानाचा निकाल ऐकून ताई बाहेर पडल्या तेव्हा मी त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो, "ताई, वाईट वाटलं."

त्या थांबल्या. "काहून साहेब? मास्तर घरी हायेत ना," म्हणाल्या आणि पदर सावरून उन्हात चालू लागल्या.