दोन विहिणी आणि एक झडप

इंजेक्शनचा डोस वाढवून झाला, तरी प्रणालीच्या पायांवरची सूज तशीच. सातवा महिना. साकोलीतल्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात ती उशांना टेकून बसलेली असायची, कारण आडवी झाली की दम लागायचा. नागपूरचे कार्डिऑलॉजिस्ट फोनवर विचारत होते, "मॅडम, लंग्ज अजून क्लियर का होत नाहीत?" मलाही तेच कळत नव्हतं, आणि कळत नसलं की माझा पारा चढतो.

दुखणं सोपं करून सांगते. हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये झडप असते. प्रणालीला लहानपणी सांधे सुजवणारा ताप आला होता, त्यात ही झडप आखडली. एरवी भागत होतं. पण गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं, अरुंद दारातून ते पुढे सरकत नाही आणि मागे फुप्फुसात पाणी साचतं. उपाय म्हणजे मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप रुंद करायची. त्यासाठी टेबलावर सपाट झोपता आलं पाहिजे. तेच जमलं नाही तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका. हे मी तिच्या नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं. तुमसरच्या राइस मिलमध्ये काम करणारा तो गडी, त्यानंतर माझ्याशी बोलताना चप्पल काढून उभा राहायचा.

पाणी उतरवायला इंजेक्शन, आणि मीठ बंद. मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. सासू कौसल्याबाईंनी हे इतकं मनावर घेतलं, की शेजारच्या पेशंटची मिठाची पुडीसुद्धा जप्त केली. मी सिस्टरपुढे त्यांचं कौतुक केलं.

एका दुपारी राउंडच्या आधीच वॉर्डात शिरले. आधी वास आला, मग डबा दिसला. भात आणि सुक्या मासळीचा रस्सा.

"कौसल्याबाई, मीठ बंद सांगितलं होतं ना?"

"बंदच हाये वो. वरून एक दाना नाई टाकला. मासळी मांगच्या वर्सी खारवली, तवाचं मीठ आजचं कसं धराचं?"

शिवाय पोरीला मासळीचे डोहाळे लागलेत आणि डोहाळे मारले तर लेकराचे कान फुटतात, हेही त्यांनी मला समजावून सांगितलं. तेवढ्यात सिस्टरनी कॉटखालून दुसरा डबा काढला. तो प्रणालीच्या आईचा. त्यात लोणचं आणि पापड. कोणीच नाराज व्हायला नको म्हणून ती बिचारी दोन्ही डबे संपवत होती.

मी भरपूर ओरडले. उपयोग होणार नाही, हे ओरडतानाच कळत होतं. मग आठवलं की लग्नातल्या मानपानापासून या दोन विहिणींमधून विस्तव जात नाही. दोघींना बोलावलं आणि सांगितलं, "आजपासून एकमेकींचा डबा चाखून पाहायचा. खारट लागला की परत."

त्यानंतर एकही खारा घास आत गेला नाही. कौसल्याबाईंनी तर विहिणीचा साधा वरणभातही परत पाठवला, तेव्हा मला मध्ये पडावं लागलं. डोहाळ्यांसाठी तळ्यातली ताजी मासळी, अळणी, मी मंजूर केली. प्रणालीने ती तोंड वाकडं करून खाल्ली.

सूज उतरली. एका सकाळी ती सपाट झोपलेली दिसली, शांत श्वास घेत. माझे डोळे भरून आले. लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. नागपूरला फुग्याचं काम नीट झालं. पुढे बाळंतपणही तिथेच. तिला जोर लावायला लागू नये म्हणून व्हॅक्यूमने बाळ ओढून घेतलं. मुलगी झाली, वजनाला कमी, आवाजाला भारी.

बाळ दाखवायला दोघी विहिणी एकत्र आल्या आणि कोणाच्या पहाऱ्याने प्रणाली वाचली, यावर माझ्या केबिनमध्येच भांडल्या. मी कोणाचीच बाजू घेतली नाही. आता मात्र कुठल्याही पेशंटला नुसतं "मीठ बंद" सांगून थांबत नाही. काल ताटात काय होतं ते विचारते. सासूला विचारताना आईला शेजारी उभं करते. खरं उत्तर तिच्याकडूनच येतं.